पंधरा पावलं

रस्त्यावर पांढरे पट्टे मारण्याचं काम लांबून बघणाऱ्याला पोरखेळ वाटतं. टाकीजवळ उभं राहिलं की खरं काय ते कळतं. रंगाची पावडर टाकीत घालून ढवळत वितळवायची आणि पातळ झाली की लगेच रस्त्यावर ओतायची. उशीर झाला तर ती करपून पिवळी पडते, मग अख्खी टाकी फेकून द्यावी लागते. मुकादमाने वीस वर्षांत एकही टाकी फेकली नव्हती. त्याचा त्याला गर्व होता, आणि नेमकं तिथेच घोड्याने पेंड खाल्ली.

शाळेसमोरचे पट्टे बाईंनी मिळवले होते. बाई तिसरीच्या वर्गाला शिकवायच्या. तीन वर्षं त्यांनी कचेरीचे उंबरठे झिजवले. तिथले साहेब बदलले, पण बाईंचा अर्ज बदलला नाही. शेवटी नकाशासकट मंजुरी आली. नकाशात पट्टे बसथांब्याच्या मागे होते, म्हणजे मुलांनी थांबलेल्या बसच्या पाठीमागून रस्ता ओलांडायचा.

कामाच्या दिवशी त्याच जागी एक करडी मोटार उभी होती. मालकाचा पत्ता नाही. मुकादमाने आजूबाजूच्या दुकानांत विचारलं, चौघांना घेऊन मोटार ढकलूनही पाहिली. इकडे टाकी तयार झाली होती. त्याने आत डोकावून पाहिलं, घड्याळ पाहिलं आणि माणसांना म्हणाला, "थांब्याच्या पुढे घ्या रे."

बाई सगळ्यांसाठी पाणी घेऊन आल्या होत्या. त्यांना तो नकाशा पाठ होता. "मुकादम, कागदावर तर थांब्याच्या मागे आहे ना?"

"पंधरा पावलांनी काय होतंय, बाई? पट्टे ते पट्टेच."

तीन वर्षांनी काम होत होतं. बाईंना ते पटवून घ्यायचंच होतं, म्हणून पटलं.

त्यांच्या पदराआडून एक मुलगी बघत होती. वर्गात तिला सगळे बडबडी म्हणायचे. "काका, यावर पाय ठेवला तर भाजेल का?"

"आज भाजेल. उद्यापासून हा रस्ता तुझाच," मुकादम म्हणाला.

"सगळा?"

"पट्ट्यांपुरता," तो म्हणाला, आणि ती हसली.

पुढचे आठ दिवस बाईंनी मुलांकडून सराव करून घेतला. हात वर करायचा, पट्ट्यावर पाऊल टाकायचं, मग घाबरायचं नाही. त्याआधी मुलं जीव मुठीत धरून, दहादा मान वळवून रस्ता ओलांडायची. आता ती ऐटीत चालू लागली.

पाचव्या आठवड्यात शाळा सुटली तेव्हा थांब्यावर बस उभी होती. बडबडी हात वर करून बसच्या पुढून निघाली. पार्सलं पोचवणारा एक मोटरसायकलवाला बसला वळसा घालून भरधाव आला. मध्ये बस असल्यामुळे तिला तो दिसला नाही आणि त्याला ती दिसली नाही. दवाखाना येईपर्यंत ती गेली.

लोकांनी मोटरसायकलवाल्याला बेदम चोपलं आणि पोलिसांच्या ताब्यात दिलं. बसच्या पुढे पट्टे असतील असं वाटलंच नाही, एवढंच तो घोकत होता. त्याचं ऐकतो कोण? पट्ट्यावरून चाललेल्या पोरीला उडवलं, यापुढे कुणाला काही ऐकायचं नव्हतं.

मुकादमाला हे कामावर कळलं. त्याने जेवणाचा डबा उघडला आणि तसाच बंद केला. नकाशा त्याच्याच पेटीत होता. तो फाडून टाकला असता तर कुणाला कानोकान खबर लागली नसती. नोकरीची चार वर्षं राहिली होती. बायको म्हणाली, "तुम्ही बोललात म्हणून ती पोर परत येणार आहे का?" तीन दिवस तो नकाशा पेटीतून काढत आणि परत ठेवत राहिला. चौथ्या दिवशी तो शाळेत गेला.

बाई रिकाम्या वर्गात बसल्या होत्या.

"पट्टे चुकीच्या जागी आहेत, बाई. माझ्यामुळे."

"मला माहीत आहे. मी विचारलं होतं तुम्हाला." बाईंनी एक बाक सरळ केलं. "आणि पट्ट्यावर भ्यायचं नाही, हे मी शिकवलं तिला."

दोघं मिळून चौकीत गेले. हवालदाराने नकाशा उलटसुलट करून पाहिला. "तो मोटरसायकलवाला यामुळे सुटेल असं समजू नका. वेग होताच त्याला. फक्त त्याच्याखाली तुमचंही नाव येईल."

"येऊ द्या," मुकादम म्हणाला.

महिनाअखेरीस त्याला कामावरून दूर करायचं ठरलं. तोवर जुने पट्टे खरवडून नवे नकाशाप्रमाणे मारायचं काम कचेरीने त्याच्याच गळ्यात घातलं. त्याने अर्धा दिवस घालवून पट्टे खरवडले, नव्या जागेवर दोन अडथळे ठेवले आणि टाकीखालचा जाळ पेटवला. ढवळता ढवळता मागे बघतो तर अडथळे बाजूला सारून तीच करडी मोटार उभी. मालक निघूनही गेला होता.

माणसं मुकादमाच्या तोंडाकडे बघू लागली. रंग पातळ झाला, मग पिवळा पडू लागला. मुकादम नुसता उभा राहिला.

तासाभराने मालक हातात पिशवी घेऊन आला. सगळे आपल्यासाठी खोळंबलेत हे पाहून तो ओशाळला. "अहो, थांबलात कशाला? थोडं पुढे मारायचं होतं. चार पावलांनी काय होतंय?"

मुकादमाने त्याचा हात धरला. त्यात राग नव्हता. "चला, माझ्याबरोबर मोजा." दोघं चालू लागले आणि मुकादम मोठ्याने आकडे म्हणू लागला. पंधरा झाले तरी जुन्या पट्ट्यांची जागा आली नाही. तो मोजत राहिला. तेविसाव्या पावलाला खरवडलेलं डांबर लागलं. तिथे बाई उभ्या होत्या.

"मी पंधरा म्हणालो होतो," मुकादम त्यांना म्हणाला. "मोजली नव्हती."

मालकाने मोटार काढली. मुकादमाने करपलेली टाकी आयुष्यात पहिल्यांदा रिकामी केली आणि त्यात नवी पावडर ओतली.