गाडीचा घास

दसऱ्याला नानांनी गाडीला पेढा भरवला आणि त्या दिवसापासून गाडीने वीज घेणं सोडलं.

चूक म्हणावी तर नानांचीच. हळदकुंकू झालं, झेंडूचा हार झाला, चाकाखाली लिंबू गेलं. मग नैवेद्य. जुन्या स्कूटरच्या हँडलला ते पेढा नुसता टेकवायचे, पण या विजेच्या गाडीला चांगलं तोंडासारखं चार्जिंगचं भोक होतं. त्यात त्यांनी अख्खा कंदी पेढा कोंबला आणि अंगठ्याने दाबला. त्यांचा मुलगा सुहास शेजारीच उभा होता. झाकण मिटलं, आत काहीतरी चघळलं गेलं आणि गाडीने ढेकर दिली.

गाडी नानांच्या फंडातून घेतलेली. तिच्या जिवावर सुहासने ऑफिसातल्या पेट्रोलवाल्यांना वर्षभर वात आणला होता. तेल बदलायला नको, इंजिन खोलायला नको, देखभाल म्हणजे काय तर काच पुसायची! आता प्लग लावला की गाडी तो थुंकून टाकायची.

सर्व्हिस सेंटरच्या माणसाने झाकण उघडून वास घेतला.

"काय दिलंत?"

"पेढा. दसऱ्याचा."

"चव लागली. आता वीज चालायची नाही. बॅटरी बदला. निम्म्या गाडीचे पैसे जातील."

"वॉरंटी आहे ना?"

"अन्न वॉरंटीत बसत नाही, साहेब. ज्यांनी भरवलं त्यांच्याच हातून देत जा. मऊ करून."

तेव्हापासून नाना भरवू लागले. गावातल्या गावात, पोवई नाक्यापर्यंत जाऊन यायला वाटीभर वरणभात पुरे. पुण्याला जायचं तर पुरणपोळ्या, त्याही दुधात कुस्करून. भोकाच्या कडा हिरड्यांसारख्या गुलाबी झाल्या. पुसायला गेलं की फडक्याला तार सुटायची आणि नासक्या दुधाचा वास दिवसभर हाताला राहायचा. सुहासला शिसारी यायची. तरी रोज सकाळी तो किल्ली उचलायचा, आणि मग त्याला स्वतःचीही किळस यायची.

"विकून टाका ना ती घाण," सुहासची बायको मृणाल म्हणाली.

"कोण घेणार? झाकण उघडलं की गिऱ्हाईक पळेल."

"मग उभी राहू द्या."

"उभी कशी राहील, सूनबाई?" नाना म्हणाले. "जन्माची कमाई आहे माझी." आणि आपल्या ताटातला भात घेऊन ते खाली गेले.

त्यांचं ताट असंच रोज खाली जाऊ लागलं. जेवायला बसले की पहिल्या घासाला "मीठ कमी आहे" म्हणायचं, हा त्यांचा जन्माचा परिपाठ. तो एक घास तेवढा त्यांच्या पोटात जायचा. गाडी मात्र तुकतुकीत दिसू लागली. शिटा गुबगुबीत आणि कोमट झाल्या. त्यांच्यावर बसताना सुहास खाली टॉवेल घालायचा.

एका सकाळी नानांचे गाल आत गेलेले दिसले.

"कवळी कुठाय, नाना?"

"तिला दिली. चावायला त्रास होतो रे तिला."

सुहास मोरीत जाऊन ओकला. मग चूळ भरून ऑफिसला गेला. उशीर झाला होता. वाटेभर गाडी चकलीचा तुकडा कुडुमकुडुम चावत होती.

पुढे नाना इतके आटले की अंथरुणात पटकन सापडेनासे झाले. चादर झटकायची मृणालला भीती वाटायची. गाडी आता एका भरवण्यात पुण्याला जाऊन परत यायची. नाना उरायचे असतील तर ती थांबवायला हवी, हे सुहासला कळत होतं. सोमवारपासून बसने जाऊ, असं तो दर रविवारी म्हणायचा.

अशाच एका रविवारी दुपारी तिघे जेवायला बसले. नानांच्या पाटावर त्यांचा सदरा ताठ बसला होता, आत नाना होते. मृणालने वरण वाढलं. नानांचे ओठ हलले नाहीत.

"मीठ कमी आहे," खालून, पार्किंगमधून आवाज आला.

मृणालने मिठाची वाटी सुहासपुढे धरली. तो खाली गेला. झाकण उघडंच होतं. आत कवळी ओली चमकत होती. नाक दाबून त्याने चिमूट पुढे केली.

"अहो," मृणालने खिडकीतून हाक मारली, "नाना पाटावर नाहीत."

आतून कोणीतरी सुहासचं बोट धरलं. लहानपणी जत्रेत, गर्दीत हरवू नये म्हणून नाना धरायचे तसं, घट्ट.