वादळातला चिमटा

घड्याळजी कुठेही झोपत. न्हाव्याच्या खुर्चीत, दातांच्या डॉक्टरकडे, एकदा तर स्वतःच्या लग्नात भाषणं चालू असताना. जगाची घड्याळं चालू करणारा हा माणूस बसल्या जागी बंद पडायचा आणि घोरायचा असा, की शेजारच्या घरातलं बाळ दचकून उठावं. त्यांच्या बायकोकडे, म्हणजे मास्तरीणबाईंकडे, यावर एकच औषध होतं: चिमटा. मागच्या बाकावर पेंगणाऱ्या पोरांवर त्यांचा हात चांगला बसलेला होता.

आज त्या हाताची परीक्षा होती. लेकीने खेळ बसवला होता आणि त्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं! प्रेक्षकांनी डोळ्यांना पट्टी बांधून नुसतं ऐकायचं: समुद्र, होडी, वादळ. थिएटरचा मालक स्वतः येऊन बसणार होता. त्याला पटलं तर महिनाभर खेळ, नाहीतर आजच गाशा गुंडाळायचा. आता जिथे फक्त ऐकायचंच आहे, तिथे बापच घोरला तर?

पट्ट्या वाटून झाल्या. लेक पुढे उभी राहून सूचना देत होती, पण बाईंना ऐकायला सवड कुठली! त्या उजवीकडे बसलेल्या नवऱ्याच्या कानाशी लागून दम देत होत्या, की डुलकी लागली तर गाठ माझ्याशी आहे. घड्याळजी गरीब गाईसारखे हो हो म्हणत होते. अशा रीतीने, खुर्च्यांना चाकं आहेत आणि वादळात त्या हलकेच इकडच्या तिकडे नेल्या जातील, ही सूचना बाईंच्या कानांत शिरलीच नाही.

ताटात वाटाणे फिरवून लेकीने लाटा उठवल्या. खारट ओला वारा तोंडावर आला. खुर्ची डुलली, सरकली, गर्रकन फिरली. बाईंना वाटलं, आपल्याला चक्कर आली. तेवढ्यात उजव्या हाताला आवाज आला, घुर्रर्र.

झालं! बाईंनी अंधारात दंड शोधला आणि असा चिमटा काढला की ज्याचं नाव ते.

"आई गं! बुडालो!" उजवीकडून किंकाळी आली.

मग काय विचारता! मागून कोणीतरी ओरडलं की धरा त्याला. एक बाई हुंदके देऊ लागली. कोणी टोपीने पाणी उपसायला लागलं, कोणी वल्ही मारायला. बाईंनी मात्र तो दंड सोडला नाही. जरा शांतता झाली की चिमटा, चिमट्यासरशी किंकाळी आणि किंकाळीसरशी अख्खी होडी बोंबलायची.

पट्ट्या सुटल्या. बाईंच्या मुठीत एका टकल्या गृहस्थाचा दंड होता, लालबुंद. घड्याळजी पार पलीकडच्या भिंतीशी होते, टक्क जागे, गाल ओले.

टकले गृहस्थ उठले. तेच मालक होते. आपण दमून आलो होतो, डोळा लागला आणि समुद्राने आपल्याला कडकडून चावून उठवलं, असं ते सद्गदित होऊन म्हणाले. महिना कसला, वर्षभर करा, पण ते चावणं तेवढं रोज हवं. असलं काही खेळात नव्हतंच, म्हणून लेक आईकडे बघत राहिली. आई छताकडे बघत होती.

बाहेर रस्त्यावर येताच लेकीने आईला मिठीच मारली. तिघंही वेड्यासारखी हसत सुटली. घड्याळजींचं तोंड तर थांबेना. "शेवटी तो बुडालेला माणूस पाण्याखालून गाणं म्हणतो ना," ते बायकोला म्हणाले, "आपल्या पोरीला हे सुचलं कसं गं?"

बाईंचं हसू विरलं. कुठलं गाणं? त्यांनी तर काहीच ऐकलं नव्हतं. लेकीच्या पहिल्या खेळातलं एक अक्षर नाही. त्यांना रडूच आलं.

"उद्याचं एक तिकीट ठेव मला," त्या लेकीला म्हणाल्या.

"एकच? आणि बाबा?"

"त्यांचं ऐकून झालंय. माझं राहिलंय."