दादाच्या गालातली हवा

"वहिनी, आता सांगतो ते जगात कुणाला पटायचं नाही. आज डॉक्टरांनी दादाच्या गालातली हवा मोजली!"

असं म्हणत मी दवाखान्याच्या बाकावर वहिनीशेजारी टेकलो. डॉक्टरांनी मला एकट्यालाच आत बोलावलं होतं. औषधं बदलून पाहिली, गाठ हटत नाही, आता त्रास कमी करण्यापुरतंच करू, असं ते म्हणाले. हे वहिनीला सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं.

आम्ही दोघे भाऊ काचेच्या भट्टीवरचे. नळीच्या टोकाला वितळलेली काच घ्यायची आणि फुंकून फुंकून बरणी करायची. जुन्या कारागिरांच्या लाळेच्या ग्रंथीत त्यामुळे हवा शिरते, कानापुढे गाल फुगतो आणि विश्रांती मिळाली की बसतो. दादाचा गाल फुगला तेव्हा भट्टीवर जल्लोष झाला, "आता शोभतोस उस्ताद!" तोही गाल मिरवत हिंडला. फुगलेला गाल बसेचना, तेव्हा कुठे तुकडा काढून तपासला. लिम्फोमा निघाला. एरवी मानेतल्या, काखेतल्या गाठींत घर करणारा हा कर्करोग. दादाच्या लाळेच्या ग्रंथीतच बिऱ्हाड थाटून बसला होता.

"मग? किती भरली हवा?" वहिनीने विचारलं. मांडीवरची पिशवी तिने घट्ट धरली होती.

"अहो, डॉक्टर म्हणाले, फुंका. दादाने अशी फुंक मारली की पडदे छताला चिकटले! नर्सबाईंचा मास्क खिडकीतून थेट रस्त्यावर. शिपाई बाहेरून दार ढकलतोय, पण दार हलायला तयार नाही!"

"त्यांना चमचाभर पाणी गिळवत नाही, भावोजी."

"फुंकायला गिळावं कशाला लागतंय?"

वहिनीच्या ओठांच्या कडा जराशा हलल्या. मला चेव आला.

"फुंकता फुंकता गाल सपाट! डॉक्टर म्हणाले, गाठ कधीच विरघळली, उरली होती ती नुसती हवा. घरी न्या, म्हणाले, मागतील ते खाऊ घाला."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं नाही.

"खोटं. सकाळीच तोंड पुसलं मी त्यांचं. हवा असती तर बोटाखाली दबली असती, दगड लागला हाताला. सगळं खोटं बोलताय, भावोजी. घरी न्या, मागतील ते खाऊ घाला, तेवढंच डॉक्टरांचं आहे. हो ना?"