मागच्या भिंतीतल्या गवंडिणी

माणसाला एखाद्या तरी गोष्टीचा ताठा असावा, नाहीतर म्हातारपणी बोलायला काही उरत नाही. ओळंबाकाकांना ताठा होता गिलाव्याचा. चाळीस वर्षांत आपला गिलावा कधी फुटला नाही, हे ते चहाच्या पहिल्या घोटाबरोबर सांगत. भिंत केसभर कलली तरी त्यांच्या डोळ्यांत खुपायची, म्हणून ओळंब्याचं, भिंतीचा सरळपणा बघायच्या दोरीचं, नाव पडलेलं. काकू त्यांना सिमेंट-वाळूचा माल कालवून घमेली भरून द्यायच्या. "भिंती तेवढ्या सरळ, बोलणं सगळं वाकडं," असं त्यांचं मत.

त्या दिवशी काम होतं सफरचंदाच्या बागेत. बाग ताईंची. फळं ठेवायच्या गोदामाची मागची भिंत जुनी, मातीत बांधलेली, आणि दोन विटांमधल्या दरजा भोकांनी चाळण झालेल्या. सफरचंदं विकत घेणारा साहेब सोमवारी गोदाम बघून यंदाचा माल घ्यायचा की नाही ते ठरवणार होता. तोवर भिंत गुळगुळीत हवी, एवढंच ताईंचं म्हणणं.

झाडं फुलांनी पांढरी झाली होती, पण वारा गार होता. दुपारपर्यंत अर्धी भिंत बाहेरून लिंपून झाली. गिलावा गुळगुळीत करायचा लाकडी रंधा फिरवून काका लांब जाऊन बघून आले आणि खूश होऊन जेवायला बसले.

भाकरीचा तुकडा तोंडात होता, तेवढ्यात त्यांना माश्या दिसल्या. नखाएवढ्या, तांबूस, अंगावर लव. ओल्या गिलाव्यापुढे वर-खाली करत होत्या, टेकत होत्या, पुन्हा उडत होत्या. चावायला कोणी येत नव्हती.

"सकाळी कामाला गेल्या," काकू म्हणाल्या, "आणि परत येतात तर दार नाही. बघा, कोणाची करणी."

"माश्याच त्या. जातील दुसरीकडे."

पण काकांचा घास तोंडातच राहिला. उरलेल्या अर्ध्या भिंतीत माश्यांची ये-जा चालू होती. पिंपातून सांडलेल्या पाण्याने जमीन भिजली होती, तिथे एक माशी उतरली. वाळूची कड सोडून दोन पावलं आत चालत गेली, चिकट मातीची गोळी तोंडात धरली आणि भोकात शिरली. काकांनी उठून तीच माती चिमटीत चोळली.

"निवडून घेतली हिने. माझ्या हाताखाली तीन वर्षं काढलेल्या गड्यालाही ही माती ओळखता आली नसती."

त्यांनी गिलावा न झालेल्या बाजूची एक सैल वीट हलक्या हाताने काढली. दरजेत आत ओळीने खोल्या होत्या. प्रत्येक खोलीत फुलातल्या पिवळ्या पिठाचा गोळा, त्यावर पांढरं अंडं आणि मग मातीची आडभिंत. आडभिंत अशी की आतून अंगठ्याने घोटल्यासारखी. ना उजेड, ना थापी, ना दोरी. खोलीत पोराचं जेवण आधी भरायचं आणि मगच दार लिंपायचं, हा हिशेब तर काकांनी आजवर एकाही घरमालकाकडे पाहिला नव्हता. शेजारच्या जुन्या दारांवर वर्षाची धूळ होती, पण ती दारं आतून नुकतीच फोडलेली होती; गेल्या वर्षीची पोरं यंदा बाहेर पडली होती.

वीट जागेवर ठेवून काकांनी बागेकडे नजर टाकली. भिंतीजवळच्या चार ओळींत गेल्या वर्षीचे टेकू अजून फांद्यांना लागलेले होते. पलीकडे एकही टेकू नव्हता.

तेवढ्यात ताई भिंत बघायला आल्या.

"ताई, टेकू तेवढेच कसे?"

"त्या चार ओळींना फळ मावत नाही, फांद्या मोडतात. माती चांगली असेल तिथली."

"माती सगळीकडे एकच आहे. पाये खणणाऱ्याला विचारा. आणि तुमच्या मधपेट्या?"

"भाड्याने आणते दरवर्षी. पण गार वारा सुटला की त्या माश्या पेटीतून तोंड बाहेर काढत नाहीत."

"आणि ह्या बघा. गार वाऱ्यातही फुलांवर चालल्यात, जवळच्या चार ओळींना फळ धरतं ते ह्यांच्यामुळे."

ताईंनी पाहिलं. मग म्हणाल्या, "सोमवार जाऊ दे, मग गिलावा फोडू."

"सोमवारपर्यंत त्याचा दगड होईल. निघेल तर आजच."

"मग बहर संपल्यावर तरी लिंपा."

"तेव्हा आत पोरं असतील. पुढच्या बहराशिवाय बाहेर यायची नाहीत. ही भिंत कधीच लिंपायची नाही, ताई."

"साहेबाला काय सांगू?"

"साहेबाला किडा आत नको ना? आतली बाजू आरशासारखी करून देतो. ह्यांचं दार बाहेर, तुमचं गोदाम आत."

ताईंनी टेकू लागलेल्या फांद्यांकडे पाहिलं, मग पलीकडच्या मोकळ्या झाडांकडे. साहेबाने नाही म्हटलं तर वर्ष जाणार होतं. माश्या गेल्या तर या चार ओळीही पलीकडच्यांसारख्याच होणार होत्या.

"फोडा," त्या म्हणाल्या. "साहेबाला मी बघते."

काकांनी थापी आडवी धरली. सकाळी जीव ओतून केलेला गिलावा पोळीसारखा सुटून खाली पडू लागला. दरजांत अडकलेला माल ते काडीने, कान कोरावा तसा, एकेका भोकातून काढत होते. काकू खालचा ढीग घमेल्यात भरत होत्या.

"चाळीस वर्षांत पहिल्यांदा फुटला म्हणायचा."

"घरच्याच माणसाने फोडला. तो धरत नाहीत."

उन्हं उतरायच्या आत भिंत पुन्हा चाळण झाली. बराच वेळ कोणी आलं नाही. काका पिंपावर बसून होते, काकू घमेली धूत होत्या. मग एक माशी आली, तीन भोकं हुंगली, चौथ्यात शिरली. बाहेर आली ती सरळ मातीकडे गेली.

माती कोरडी पडत आली होती. काका उठले आणि तांब्याभर पाणी तिच्यापासून वीतभर लांब हळू ओतलं.

"उद्याही भिजवायची का?" काकूंनी विचारलं.

"आतलं काम होईपर्यंत रोज," काका म्हणाले. "बाहेरच्या कामावर ह्या आहेत."