बदलीवाल्यांचा अभ्यासक्रम

आमच्या घरात खोका टाकत नाहीत. फ्रिजचा, वॉशिंग मशीनचा, टीव्हीचा, मिक्सरचा, सगळे खोके थर्माकोलच्या कोपऱ्यांसकट माळ्यावर. भिंतीवर एक फोटो नाही. फोटो लावायचा तर खिळा ठोकावा लागतो, आणि क्वार्टर सोडताना भोक बुजवून द्यावं लागतं. आम्ही भोकं न पाडता जगतो.

दिगंबर, माझा नवरा, कस्टम्समध्ये आहे. सध्या कोलकात्यात. ऑफिस खिदिरपूरला गोदीपाशी, क्वार्टर सॉल्ट लेकला. गाव जरा ओळखीचं झालं, भाजीवाला हसायला लागला, की सरकार आम्हाला उचलतं. यात देशाचं काय भलं होतं ते मला आजवर कोणी पटवून दिलेलं नाही.

मी दातांची डॉक्टर. म्हणजे होते. दाताचा दवाखाना एका जागी रुजावा लागतो. आज दाढ भरली तर दोन वर्षांनी ती कशी आहे हे बघायला आपण तिथे असावं लागतं. मी कधीच नव्हते. विशाखापट्टणम, कोची, कांडला, प्रत्येक गावात लोकांच्या तोंडात सिमेंट भरलं आणि निघून गेले. त्यातलं किती टिकलं, किती पडलं, देव जाणे. शेवटी खुर्ची विकली आणि घरी बसले.

चव्वेचाळिसाव्या वर्षी मला इथल्या एका संस्थेत सार्वजनिक आरोग्याच्या एम.पी.एच.ला प्रवेश मिळाला. दोन वर्षांचा अभ्यासक्रम. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवाला ही बातमी सांगितली, तर बँकवाल्यांच्या सुलभावहिनी हातातली बशी खाली ठेवून म्हणाल्या, "अगं पण दोन वर्षांत तुमची बदली नाही का होणार?" एखाद्याला असाध्य रोग झाल्यावर विचारतात ना, तशा आवाजात. त्या स्वतः इथे किती वर्षं आहेत, आणि बंगालीत त्यांना फक्त वांगी आणि बटाटे मागता येतात. कशाला शिकायचं, जायचंच तर आहे. आम्ही सगळे तसलेच.

कोर्स सुरू झाल्यावर पहिलं काम होतं आराखडा. कोणत्या सेमिस्टरला कोणता विषय घेणार हे ठरवायचं, मार्गदर्शकाची सही घ्यायची आणि शुक्रवारपर्यंत द्यायचं. एकदा दिलं की बदल नाही. जीवसांख्यिकी, साथरोगशास्त्र, आरोग्य धोरण हे सक्तीचे. बाकीचे विषय आणि प्रकल्प आपल्या निवडीचे.

जेवणाच्या टेबलावर बसून मी तो आराखडा केला, आणि चांगलाच केला. दिगंबरची इथली तीन वर्षं भरत आली होती, म्हणजे ऑर्डर कधीही येणार. म्हणून निवडीचे विषय सगळे ऑनलाइन घेता येतील असे. क्रेडिट दुसऱ्या विद्यापीठात वळवता येतील असे. प्रकल्प आधीच गोळा झालेल्या सरकारी आकडेवारीवर, म्हणजे लॅपटॉप उघडला की झालं. एकच विषय मी आधीच काट मारून टाकला होता, क्षेत्रीय पाठपुरावा. त्यात खिदिरपूरच्या एका वस्तीतली ठरावीक घरं हातात घ्यायची आणि कोर्स संपेपर्यंत त्याच घरांत पुन्हापुन्हा जायचं. मधे सोडता येत नाही, दुसरीकडे नेता येत नाही. असला विषय बदलीवाल्याच्या बायकोने का घ्यावा?

दिगंबरने कागद वाचून मान डोलावली. उत्तम आहे म्हणाला, कुठेही नेता येईल. नूपुरने, आमच्या लेकीने, त्याच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं. ती अकरावीत आहे, तिचं मराठी चार राज्यांच्या पाण्याने पातळ झालंय.

"आई, तुझा कोर्स पण खोक्यात बसतो," ती म्हणाली.

मी तिला अभ्यासाला पिटाळलं.

माझ्या मार्गदर्शक श्यामला गांगुली, क्षेत्रीय पाठपुरावाही त्याच शिकवतात. संस्थेत सगळे त्यांना श्यामलादी म्हणतात. साडी चुरगळलेली, चष्मा दोरीला टांगलेला. माझा आराखडा त्यांनी दोनदा वाचला. मला वाटलं कौतुक करतील. त्यांनी हिंदीत एवढंच विचारलं, "यात कोलकाता कुठे आहे?"

मी बदलीचं सांगितलं. दाढांचंही सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. त्यांनी ऐकून घेतलं, सही केली नाही. उद्या नसीमाबरोबर एक दिवस फिरून ये, म्हणाल्या, मग हाच कागद आणलास तरी मी सही करीन.

मला राग आला. या वयात मला वस्ती बघायला पाठवतायत, जणू मी गरिबी कधी पाहिलीच नाही. पण सही हवी होती. गेले.

नसीमा संस्थेची क्षेत्र-कार्यकर्ती. माझ्याच वयाची, गुडघे दुखतात म्हणून चिडलेली, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात टॅब. खिदिरपूरच्या बाजारामागच्या गल्लीत शिरलो. गल्ली एवढी अरुंद की समोरून सायकल आली तर कोणीतरी एकाने कोणाच्या तरी घरात जावं लागतं. वर वायरींचं जाळं, त्यातून दिसणारी गोदीची क्रेन. नळाला लावलेले रबरी पाइप गटाराला चिकटून गेलेले. मी नाक मुरडलं. हे सगळं मला पाठ होतं.

पहिल्याच दारात एक म्हातारी बाई लहान मुलींच्या फ्रॉकांचे लोंबते दोरे कापत बसली होती. शेजारच्या शिलाईच्या कारखान्याचं काम. नसीमाने दारात सावली टाकली मात्र, म्हातारीने मान वर न करता सुरू केलं. दस्त, म्हणजे जुलाब, कोणाला नाही, बुखार कोणाला नाही, छोट्याला कालपासून खोकला. मग कात्री थांबवून तिने विचारलं, "तेरा घुटना?"

नसीमाने अजून एकही प्रश्न विचारला नव्हता.

नंतर कळलं, की दर पंधरा दिवसांनी याच दारात हेच तीन प्रश्न विचारले जातात, आणि वीसेक वर्षं विचारले जातायत. आत चुलीपाशी उभी असलेली तरुण बाई आईच्या पोटात होती तेव्हा तिचं नाव या अभ्यासात लागलं, म्हणजे नाव ठेवायच्याही आधी. आता तिच्या कडेवरचा खोकणारा पोरगा त्यात आहे. पूर, टाळेबंदी, निवडणुकांतली मारामारी, काहीही असो, कोणीतरी येऊन विचारलंय: जुलाब? ताप? खोकला?

मी दारात उभी राहिले आणि माझ्या अंगावर काटा आला. खोटं नाही लिहीत. देवळात माझ्या अंगावर कधी काटा आलेला नाही. मेलेलं मूल दिसतं, त्याच्यासाठी लोक रडतात. जे मूल जुलाबाने मेलं नाही ते कोणाला दिसतं? ते आपलं खेळत असतं, नाक गळत असतं, कोणी त्याच्याकडे बघून आश्चर्य करत नाही. या गल्लीत कोणीतरी वर्षानुवर्षं दार ठोठावून विचारत होतं, आहे ना? आहे. बरंय ना? बरंय. एवढ्याशा प्रश्नांतून वस्तीला पाण्याची नवी लाइन मिळाली होती, कारण कोणते नळ मुलांना आजारी पाडतात ते त्या उत्तरांतून दिसलं. मंत्र्याच्या भाषणातून नाही, म्हातारीच्या तोंडच्या 'नाही, नाही, हो' मधून.

पाच-सहा घरं झाली. पुढच्या खोलीला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, रेहानाच्या नवऱ्याचं काम सुटलं, पोराला घेऊन बारुईपूरकडे गेले. पत्ता माहीत नाही, कुठल्याशा पेरूच्या गोदामाजवळ.

नसीमाने टॅब वर घेतला. मला वाटलं, आता ती एक बटण दाबेल, स्थलांतरित, आणि संपलं. मला तो क्षण ओळखीचा होता. आम्ही गाव सोडल्यावर प्रत्येक शाळेने, प्रत्येक दवाखान्याने, शेजारणींनी हेच बटण दाबलेलं आहे. तक्रार नाही. आम्हीही त्यांच्यावर दाबलं.

नसीमाने टॅबवर फक्त वेळ पाहिली. "सियालदह," ती म्हणाली, आणि चालायला लागली.

मी मागून विचारत राहिले. एका घरासाठी? तिथवर? ती वैतागली होती, ऊन तिलाही लागत होतं, पण परत फिरायचा विचार तिच्या चालण्यात नव्हता. सियालदहला आम्ही दक्षिणेकडची गाडी पकडली. तिने मला एक स्टेशन आधी उतरवलं, मग स्वतःलाच शिव्या घातल्या आणि पुढच्या गाडीची वाट बघत आम्ही काळं मीठ लावलेला पेरू खाल्ला. बारुईपूरला उतरून पेरूचं गोदाम शोधलं तर तिथे गोदामंच गोदामं. चहावाला, रिक्षावाला, मशिदीबाहेरचा अत्तरवाला, सगळ्यांना विचारून झालं. शेवटी तळ्याकाठच्या पत्र्याच्या खोलीसमोर एक बाई हातपंपावर बादली भरताना दिसली.

तिने नसीमाला पाहिलं. पंपाचा दांडा हातातच राहिला.

"यहाँ तक?" ती म्हणाली.

बस, एवढंच. मग तिने बादली बाजूला सारली, ओढणीने तोंड पुसलं आणि उत्तरं द्यायला लागली. दस्त, हो. इथे आल्यापासून दोनदा, दुसऱ्यांदा पोरगा डोळे फिरवायला लागला होता. बुखार, हो. खोकला नाही. नसीमाने पोराच्या पोटाची चामडी चिमटीत धरून अंगातलं पाणी आटलंय का पाहिलं, मीठ-साखरेच्या पाण्याची पाकिटं काढून दिली, जवळच्या आरोग्य केंद्रात फोन लावला. पंपाचं पाणी बाटलीत भरून घेतलं. बाई एकटक तिच्याकडे बघत होती. मी त्या बाईकडे.

तेव्हा मला श्यामलादींचा अख्खा विषय कळला, पुस्तक न उघडता. आम्ही त्या कुलपावरून परत फिरलो असतो तर गल्लीचा हिशेब सुंदर लागला असता. जुलाब नाही, ताप नाही. कारण ज्याला जुलाब झाले तो पोरगा गल्लीत नव्हताच. जे राहतात त्यांचीच उत्तरं घेतली की सगळं छान दिसतं. काम सुटलेले, घर सुटलेले, ज्यांच्यावर खरी वेळ आलेली असते, तेच आधी नजरेआड होतात. म्हणून शोधायला जायचं. दया म्हणून नाही. ते नसतील तर आकडा खोटा आहे म्हणून.

परतीच्या गाडीत नसीमा बसल्याबसल्या झोपली. मी खिडकीबाहेर बघत होते. नूपुरला कांडल्यात कावीळ झाली होती, बेतली होती जिवावर. कोचीतल्या कोणालाही ते माहीत नाही. तिला लस टोचणाऱ्या तिथल्या नर्सच्या लेखी नूपुर एक बरी असलेली मुलगी आहे. आणि माझ्या दाढा? एखादीखाली पू झाला असेल, कोणी रात्रभर गाल धरून बसलं असेल. मी तर त्या सगळ्या माझ्या मनात चांगल्या भरलेल्या दाढांत धरून चालले होते.

जगात अशी माणसं आहेत जी निघून गेलेल्यांना शोधायला गाडीत बसतात. हे मला कोणी आधी का सांगितलं नाही? त्या उकाड्यात, पेरूची साल दातात अडकलेली असताना, मला वाटत होतं की मी काहीतरी प्रचंड पाहून आलेय. समुद्र पहिल्यांदा पाहिल्यावर वाटतं तसं.

घरी आले तर दिगंबर लवकर आलेला. चेहऱ्यावरूनच कळलं. तूतीकोरिन, जूनमध्ये. ऑर्डर निघाली नव्हती, पण वरून पक्कं कळलं होतं. त्याने स्वतः चहा केला आणि मला समजावल्यासारखं म्हणाला, बरं झालं तू आधीच विचार केलास, तुझा प्लॅन तिथूनही होईल.

मी पर्समधून आराखडा काढला. प्रकल्पाची ओळ खोडली, निवडीचे दोन विषय खोडले, आणि क्षेत्रीय पाठपुरावा लिहिलं. त्याच्यासमोर. पेनने.

"हे कुठे नेता येणार नाही," तो वाचून म्हणाला.

"नाही."

त्याने आरडाओरडा केला नाही, तो करत नाही. नूपुरच्या शाळेचं विचारलं. तिची बारावी इथेच होईल, मी म्हटलं, आयुष्यात पहिल्यांदा एखादी शाळा शेवटपर्यंत. क्वार्टरचं विचारलं. भाड्याने घर बघू. त्याच्या जेवणाचं त्याने विचारलं नाही, पण तो प्रश्न टेबलावर होताच, आणि मी त्याला हात लावला नाही. इतकी वर्षं त्याच्यामागून गेले. तो वाईट माणूस नाही. पण 'तुझ्यामुळे थांबतो' हे वाक्य त्यालाही कधी सुचलं नाही आणि सरकारलाही नाही.

"एवढं काय आहे त्या गल्लीत?" त्याने शेवटी विचारलं. चिडून नाही, खरंच विचारलं.

मी त्याला बारुईपूरच्या पंपाचं सांगितलं. त्या बाईच्या दोन शब्दांचं. ते ऐकून नूपुर हेडफोन काढून दारात येऊन उभी राहिली. दिगंबरने कपातली साय बोटाने बाजूला केली. मग हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "आणि मी गेलो की? माझ्या नावापुढे काय लिहाल?"

"दर पंधरा दिवसांनी फोन," मी म्हटलं. "तीन प्रश्न. उत्तर नाही आलं तर गाडीत बसून येणार."

"जुलाब, ताप, खोकला?"

"बाबा, खरं सांगायचं हां," नूपुर म्हणाली. "नाहीतर आईचा आकडा चुकतो."

शुक्रवारी श्यामलादींनी सही केली. मग चष्मा पुसला. रविवारी खालून रद्दीवाल्याची हाक आली तशी मी स्टूल घेऊन माळ्यावर चढले. फ्रिजचा खोका सगळ्यात मोठा, सगळ्यात जुना, चार गावांच्या टेपा लागलेला. तो खाली लोटला तेव्हा धूळ उडाली आणि दिगंबर धावत आला.

"अगं, मग फ्रिज कशात घालून जाणार?"

"फ्रिज जात नाहीये," मी म्हटलं.

मग त्याने खोक्याचं दुसरं टोक उचललं, आणि आम्ही दोघांनी मिळून तो जिन्यातून खाली नेला.