अधिक माहिती वरच्या वळणावर

छापखान्यात त्यांना सगळे वेलांटीबाई म्हणत. पाठीमागे नव्हे, तोंडावर. आणि बाईंना ते आवडायचंही. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका शोधून त्यांनी कैक लेखकांची अब्रू झाकली होती, आणि त्यातल्या एकानेही कधी आभार मानले नव्हते. त्याचं त्यांना काही वाटत नसे. वाटायचं ते एकाच गोष्टीचं: लेकीच्या घरी जाता येत नाही.

लेक चौथ्या मजल्यावर राहायची. इमारत जुनी, लिफ्ट नाही, पायऱ्या बहात्तर. बाईंनी एकदा चढायचं मनावर घेतलं होतं, तेव्हा नवव्या पायरीवर, जिथे जिना वळतो तिथे, त्या जमिनीवर बसल्या त्या बसल्याच. आजवर निभावलं, कारण लेक खाली यायची. दर मंगळवारी, म्हणजे छापखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, मायलेकी अंगणातल्या बाकावर बसून तासभर बोलायच्या. आता लेकीला पाचवा महिना लागला होता आणि तिच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की बाळ होईपर्यंत जिना बंद. म्हणजे बाईंनी वर जायचं, नाहीतर खिडकीकडे बघत फोनवर बोलायचं. दोन मंगळवार त्यांनी मान वर केली. तिसऱ्या मंगळवारी मान धरली.

जावई बस चालवायचा. माणूस समजूतदार. म्हणाला, "आई, बाळ झालं ना, की मी रोज खाली घेऊन येईन तुम्हाला दाखवायला."

"बाळ आहे की पार्सल?" बाई फटकन बोलल्या. बोलल्या खऱ्या, पण घरी जाऊन रडल्या. नातवंड अंगणात भेटायला येणार, आपण बाकावर बसून त्याला परत वर धाडणार; हे चित्र काही केल्या डोळ्यांसमोरून हलेना.

बरं, आजवर प्रयत्न केले नव्हते असंही नाही. व्यायामशाळेत वर्षभरासाठी नाव घातलं होतं. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, यांचे चारच भरले. मग फक्त उकडलेलं खायचं ठरवलं. त्याने त्या इतक्या चिडक्या झाल्या की समोरच्या टेबलावर अक्षरजुळणी करणारे भाऊ एक दिवस हात जोडून म्हणाले, "बाई, वजन राहू द्या, पण जेवा." मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ बांधून पाहिलं. रात्री ते आकडा दाखवायचं आणि बाईंना तो टोमणाच वाटायचा. शेवटी घड्याळ खणात गेलं आणि घरात शांतता झाली.

मान धरली तेव्हा त्यांनी डॉक्टरला सगळंच तपासायला लावलं. तो म्हणाला, "हृदय चांगलं आहे. गुडघेही ठीक आहेत."

"मग नऊ पायऱ्यांत धाप का लागते?"

"वापर नाही म्हणून. दहा-दहा तास बसून असता तुम्ही. रोज थोडं थोडं वाढवा. पी हळद अन् हो गोरी, असं नसतं ते."

थोडं थोडं! बाईंना हे दोन शब्द सगळ्यांत कंटाळवाणे वाटत. त्या मान डोलावून घरी आल्या आणि खुर्चीत बसल्या.

चौथ्या मंगळवारी त्या अंगणात पोचल्या, तर जिन्याच्या तोंडाशी, पत्रपेट्यांच्या वर, एक छापील कागद चिकटवलेला होता.

"हरवले आहे. एक पांढरे मांजर. स्वभावाने तापट, पण प्रेमळ. अधीक माहीती वरच्या वळणावर."

बाईंच्या कपाळावर आठी चढली. दोन शब्दांत तीन चुका! 'अधिक'मधला धि ऱ्हस्व, 'माहिती'मधला हि ऱ्हस्व, हे चौथीतल्या पोरालाही कळतं. तिसरी चूक त्यांना दिसत नव्हती, पण ज्या माणसाने दोन केल्या त्याने तिसरी नक्की केलेली असणार. पर्समधलं लाल पेन निघालं. दोन्ही वेलांट्या जागेवर आल्या. आणि मग वेलांटीबाईंना नवीनच टोचणी लागली. वरच्या वळणावर याच माणसाने आणखी काय दिवे लावले असतील?

नऊ पायऱ्या तर होत्या. त्या चढल्या. कठडा धरत, मध्ये दोनदा थांबत, पण चढल्या. वळणावर दुसरा कागद होता: "मांजराला जिना चढायचा कंटाळा आहे. हाक मारु नये, रागावते."

"मारू!" बाई धापा टाकत भिंतीला म्हणाल्या आणि रू दीर्घ केला. त्या दिवशी त्या नऊ पायऱ्यांवर बसल्या नाहीत. उभ्यानेच लेकीला फोन लावला.

"काय गं, तुमच्या इमारतीत कुणाचं मांजर हरवलंय?"

"असेल कुणाचं तरी. का?"

"त्याला शुद्ध लिहिता येत नाही."

"मांजराला?" लेकीने विचारलं.

पुढच्या मंगळवारी खालचे कागद गेलेले होते आणि नवा कागद पहिल्या मजल्यावर लागला होता. खाली नुसता बाण काढलेला. कोण हा माणूस, बाईंना कळेना. मांजर हरवलेला माणूस दारोदार विचारत फिरेल, असा हप्त्याहप्त्याने कशाला लिहीत बसेल? अठरा पायऱ्या त्या याच विचारात चढल्या आणि वर पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण एकदाच थांबलो. "मांजर दूध पित नाही. चहा पिते, तोही दोन चमचे साखर घालुन." पित नाही, पीत. घालुन नाही, घालून. लाल, लाल.

त्यानंतरचा कागद आणखी नऊ पायऱ्या वर. पण मधल्या आठवड्यात बाईंना राहवेना. मंगळवार यायला अजून चार दिवस आणि वरच्या वळणावर कुणीतरी अशुद्ध लिहून मोकळा झालेला. झोप कशी लागावी? शुक्रवारी छापखाना सुटल्यावर त्या वाट वाकडी करून गेल्या. कागद होताच: "मांजराचे गुढघे दुखतात. दुखत नसले तरि दुखतात." गुढघे कसले, गुडघे. आणि तरी.

आता मंगळवार-शुक्रवार असा नेमच पडला. दम टिकावा म्हणून त्या छापखान्यातही उठू लागल्या. प्रुफं तळघरातल्या यंत्रांपर्यंत पोचवायला पूर्वी त्या हाका मारत, आता स्वतः जाऊ लागल्या. जाता-येता यंत्रवाल्यांशी दोन गोष्टी व्हायच्या. त्या दोन वेळा पोटभर जेवत, गाढ झोपत, आणि खणातल्या घड्याळाची त्यांना आठवणही होत नसे. भाऊंना तर त्या रोज मांजराची बातमी द्यायच्या.

"आज दुसरा मजला गाठला, भाऊ. छत्तीस पायऱ्या. आणि काय लिहावं त्याने? 'मांजर चश्मा लावते. चश्मा डोक्यावर ठेऊन घरभर शोधते.' चश्मा! पोटफोड्या ष कुठे गेला? आणि ठेऊन? ठेव, ठेवून, साधा धातू आहे!"

भाऊंनी जुळणी थांबवली. "बाई, मांजर चष्मा लावतं?"

"बोलताना लावतं. लिहिताना लावते."

"तसं नाही हो. मांजर चष्मा कशाला लावेल?"

बाईंनी हातातली प्रुफं टेबलावर ठेवली.

"ते पण डोक्यावर ठेवून," भाऊ म्हणाले आणि बाईंच्या डोक्याकडे बघत राहिले. तिथे बाईंचा चष्मा होता. सकाळपासून त्या तो शोधत होत्या.

प्रुफं तपासणाऱ्याला अर्थ दिसत नाही, हे त्या धंद्यातलं उघड गुपित आहे. अर्थात गुंतलं की अक्षर निसटतं, म्हणून डोळ्याला नुसतं अक्षर बघायची सवय लावावी लागते. बाईंनी मागे एका कादंबरीची चारशे पानं निर्दोष केली होती आणि शेवटी कोण मेलं ते त्यांना सांगता आलं नव्हतं. आता त्यांनी पर्समधून वही काढली. सगळ्या चुका त्या तारीखवार उतरवून ठेवत. तापट, पण प्रेमळ. जिन्याचा कंटाळा. दोन चमचे साखर. दुखत नसले तरी दुखणारे गुडघे. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी एखादा मजकूर चुका सोडून वाचला, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"कार्टी!" त्या म्हणाल्या. "पांढरं मांजर म्हणे. केस रंगवायचे सोडले त्याला दोन महिने नाही झाले. आणि चिकटवायला जावयाला पाठवत असणार!"

"स्वभावाला औषध नाही म्हणतात," भाऊ म्हणाले. "तुमच्या लेकीने स्वभावाचंच औषध केलं की."

लेकीला मात्र बाईंनी काही कळू दिलं नाही. आपल्याला कळलंय हे तिला कळलं तर कागद बंद व्हायचे, आणि अजून छत्तीस पायऱ्यांवर आपल्याबद्दल काय काय लिहिलं जाणार आहे याची त्यांना विलक्षण उत्सुकता लागली होती. तिसऱ्या मजल्याखाली मांजराला लाल रंग आवडत असल्याचं समजलं. तिसऱ्या मजल्यावर कळलं की मांजर गाते, पण फक्त भांडी घासताना. हे बाईंना स्वतःलाच माहीत नव्हतं. त्या रात्री त्यांनी भांडी घासताना कान देऊन ऐकलं. खरंच गात होत्या.

डॉक्टरने तपासून भुवया उंचावल्या. "छान! काय व्यायाम करता?"

"शुद्धलेखन," बाई म्हणाल्या.

दहाव्या आठवड्यातल्या मंगळवारी तिसऱ्या मजल्याच्या वरच्या वळणावर कागद नव्हता, नुसता बाण होता. आधी अंगणात थोडा वेळ दम खाऊन, अख्ख्या वाटेत दोनदाच थांबून, वेलांटीबाई बहात्तराव्या पायरीवर पोचल्या. लेकीच्या घराचं दार त्यांनी आजवर फक्त फोटोत पाहिलं होतं. दार निळं होतं. त्यावर शेवटचा कागद होता, आणि त्यात मांजर नव्हतं.

"आइ, तू मला भेटायला येशिल का?"

हात सवयीने पर्समध्ये गेला. पेनाचं टोपण निघालं. आणि पेन कागदावर टेकायच्या आधीच तो हात जागच्या जागी थांबला.

हे वाक्य त्यांनी पूर्वी एकदा तपासलं होतं.

लेक दहा वर्षांची होती. तिचे वडील गेले होते, छापखान्यात दोन-दोन पाळ्या चालू होत्या, म्हणून तिला वसतिगृहात ठेवलं होतं. तिथून तिचं पहिलं पत्र आलं, एका ओळीचं. हीच ओळ, याच दोन चुका. बाई दिवसभराच्या प्रुफांनी शिणलेल्या होत्या. हातात लाल पेन होतंच. त्यांनी ई दीर्घ केली, शी दीर्घ केला, समासात लिहिलं, 'शुद्ध करून दहा वेळा लिही', आणि पत्र उलट टपाली परत पाठवलं. आठ दिवसांनी लेकीचा कागद आला. आई, तू मला भेटायला येशील का? आई, तू मला भेटायला येशील का? दहा ओळी, एकही चूक नाही. बाईंना अभिमान वाटला होता. त्यांनी खाली लाल पेनाने दहापैकी दहा गुण दिले होते.

पोरीने दहा वेळा विचारलं होतं. आणि त्या गेल्या नव्हत्या. सुट्टी लागल्यावर आणायला गेल्या तेवढ्याच. त्यानंतर लेकीने त्यांना कधी पत्र लिहिलं नाही, साधी चिठ्ठीसुद्धा नाही. काही सांगायचं असलं की फोनच करायची. पोरीला लिहायचा आळस आहे, असं बाई सगळ्यांना सांगत आल्या होत्या.

दारापलीकडे पाण्याचा नळ सुरू होता, कुणीतरी भांडं ठेवलं. बाईंना भयंकर लाज वाटली, आणि लाजेहून मोठं दुसरंही काही वाटलं. सव्वीस वर्षं पोरीने तो प्रश्न सांभाळून ठेवला आणि आज पुन्हा विचारला, याचं त्यांना अप्रूप वाटलं, रडू आलं. चष्मा काढून त्यांनी पदराने पुसला. मग पेन टेकवलं. आइ तशीच राहिली, येशिल तसंच राहिलं. त्याखाली, शक्य तितक्या नीट अक्षरात, त्यांनी एक शब्द लिहिला.

"आले."

आणि घंटा वाजवली.

लेकीने दार उघडलं. एक हात पोटावर, दुसरा ओला. तिने आईकडे पाहिलं, मग दाराकडे वळून कागद वाचला. बराच वेळ वाचला, एक शब्द वाचायला लागतो त्यापेक्षा खूपच जास्त.

"आई," शेवटी ती म्हणाली. "दोन चुका राहिल्यात."

"दिसल्या मला," वेलांटीबाई म्हणाल्या. "आधी पाणी दे."