माझं नाक शेंदरानं बुजलं तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. जुनी म्हटलं म्हणून लगेच तोंड वाकडं करू नका. उज्जैनच्या थंडीत आमच्या गल्लीतल्या चकचकीत, बटणवाल्या गाड्या कुरकुरत बसतात तेव्हा मी एका किकेत उठते आणि त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. माझा स्वभावच जरा तोऱ्याचा आहे. इतकी वर्षं लोकांनी 'भरवशाची गाडी' म्हणून नावाजल्यावर तुमच्याही अंगात थोडा तोरा आला असता की नाही? पण एक काळ असा होता की आमच्या अख्ख्या फ्रीगंज मोहल्ल्यात माझी शोभा झाली होती. आज तीच हकीकत सांगते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पट्ट्यावरून पुढे सरकता सरकता कुणी मला चाकं लावली, कुणी दिवा बसवला, कुणी टाकीला लालभडक रंग चढवला. शेवटी पेट्रोलच्या टाकीवर झाकण बसलं. त्या झाकणाला एक बारीकसं छिद्र असतं. टाकीतलं पेट्रोल खाली इंजिनाकडे उतरतं, तशी त्या छिद्रातून बाहेरची हवा आत येते. हवा आत आली तरच पेट्रोल सुखानं वाहतं. म्हणजे ते छिद्र माझं नाकच म्हणा ना. कारखान्यात माझी तपासणी झाली, पाठीवर थाप पडली आणि मी ट्रकमध्ये चढून माळव्यात आले.

ते दिवस मोठे मजेचे होते. घराघरावर केबलच्या तारा लोंबू लागल्या होत्या, चौकाचौकात एसटीडीचे बूथ उघडले होते. पूर्वी स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघणारी माणसं आता शोरूममध्ये जाऊन ऐटीत रंग निवडत होती. मला निवडलं दिलीप पागेनं. पाग्यांचे पूर्वज कधी काळी शिंद्यांच्या चाकरीत इकडे आले आणि उज्जैनचेच होऊन गेले. दिलीप एका कापड मिलच्या ऑफिसात होता. मिल बंद पडली. मग एका नव्या औषध कंपनीत त्याला काम मिळालं. गळ्यात टाय, हातात चामड्याची बॅग, आणि उज्जैनपासून आसपासच्या गावांपर्यंत डॉक्टरांना भेटून औषधांची माहिती द्यायची. अट एकच, गाडी स्वतःची पाहिजे. पहिले काही महिने नोकरी कच्ची. मग इंदूरहून मोठे साहेब येणार, दिवसभर याच्या मागे बसून फिरणार, आणि त्यानंतर पक्कं करायचं की घरी बसवायचं ते ठरवणार. घरातल्या सगळ्यांचा जीव त्या नोकरीत अडकला होता.

मी घरी आले तेव्हा दिलीपची आई ताट घेऊन दारातच उभी होती. तिला सगळी गल्ली अक्का म्हणायची. अक्कानं चिंतामण गणपतीचा शेंदूर मुद्दाम आणवला होता आणि तुपात चांगला घट्ट कालवला होता. माझ्या चाकाखाली लिंबू ठेवलं, दिव्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हँडलला झेंडूची माळ घातली. मग तिची नजर माझ्या झाकणावर गेली.

"दिलीप, इथून काय टाकतात रे?"

"पेट्रोल, अक्का."

"मतलब हिचं तोंड हेच ना? मग टिळा इथेच लागेल!"

आणि अंगठ्यानं चांगला दाबून शेंदूर तिनं माझ्या झाकणावर थापला. "सव्वा महिना कुणी पुसायचा नाही, सांगून ठेवते," असा हुकूमही सुटला. खरं सांगते मित्रांनो, मला तेव्हा काय अभिमान वाटला! शोरूममधून निघालेल्या कुठल्या गाडीच्या नशिबी असा मान होता? माझं नाक बुजलंय हे ध्यानात यायला मला उन्हेल गावचा लांबचा रस्ता लागला.

गावात मी छान पळायचे. घर ते टॉवर चौक, टॉवर चौक ते देवास गेट, काही तक्रार नाही. पण दिलीप पहिल्यांदा उन्हेलला निघाला, अर्धी वाट झाली आणि माझा जीव घाबरा झाला. टाकी पेट्रोलनं भरलेली, पण हवा आत येईना, म्हणून पेट्रोल खाली उतरेना. मी दोन आचके दिले आणि भर रस्त्यात गप्प झाले. दिलीपनं किक मारून मारून घाम काढला. बैलगाडीवरचा एक म्हातारा थांबला आणि म्हणाला, "नई दिखती है भैया, रूठ गई क्या?" बराच वेळ गेला. कुठून तरी चिमूटभर हवा आत झिरपली, मी सुरू झाले, आणि थोडं पुढे जाऊन पुन्हा बंद पडले. उन्हेलला पोचेपर्यंत डॉक्टर दवाखाना बंद करून निघून गेले होते. दिलीपनं टाय काढून बॅगेत कोंबला. त्याचा चेहरा मला आरशात दिसत होता, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आल्यावर अक्कानं ऐकलं मात्र, लगेच म्हणाली, "नजर लागली, दुसरं काय! लालभडक गाडी, सगळी गल्ली टकमक बघते." पुढे बुधवार आला, आणि इकडे माळव्यात बुधवार हा गणपतीचा वार. अक्कानं जुन्या शेंदरावर नवा थर दिला. त्या आठवड्यात मी दोनदा बंद पडले. मग अक्कानं आणखी थोडा लावला. गाडी बंद पडली की अक्का शेंदूर लावायची आणि अक्कानं शेंदूर लावला की गाडी बंद पडायची, असा आमचा फेरा सुरू झाला. मला ओरडून सांगावंसं वाटायचं की अगं बाई, मी बिघडले नाहीये, गुदमरलेय! पण गाडीला वाचा कुठली?

दिलीपनं मला देवास गेटजवळच्या, शोरूमवाल्यांच्याच सर्व्हिस सेंटरवर नेलं. मला विकताना ज्यांनी दिलीपला पेढा भरवला होता, त्यांनी आता त्याला ओळखही दाखवली नाही. खिशाला पेन लावलेले एक सुपरवायझर आले. त्यांनी झाकण उघडलं, आत डोकावून पेट्रोल बघितलं, झाकण लावलं आणि किक मारली. झाकण उघडल्याबरोबर मला पोटभर हवा मिळाली होती, तेव्हा मी लगेच सुरू झाले.

"चालू तो है साहब! नई गाड़ी है, अभी खुलेगी."

"भाईसाब, लांब गेलं की बंद पडते," दिलीप काकुळतीनं म्हणाला.

"पेट्रोल में पानी होगा. और आप चलाते कैसे हो? क्लच दबा के तो नहीं चलाते?"

ऐका! माझा धनी मला फुलासारखी चालवायचा, आणि हे त्यालाच दोष देत होते. पुढच्या वेळी त्यांनी मला ठेवून घेतलं. दुरुस्ती काय केली, तर माझा नवा कोरा प्लग काढून कुणाचा तरी काळवंडलेला बसवला. सकाळी मला घेऊन पोहे-जलेबी आणायला गेले आणि तेवढ्या फेरीला ट्रायल म्हणाले. परत दिली तेव्हा टाकीवर ओरखडा, आरसा ढिला, साइड स्टँडचा एक बोल्ट गायब. मात्र धुताना माझ्या झाकणावरच्या शेंदराच्या कडेकडेनं फडकं फिरवायचे. "भगवान का है, उसको हाथ मत लगाना," म्हणायचे. माझ्या बाकी अंगाची त्यांना काडीची पर्वा नव्हती, आणि जिथं हात लावायला हवा होता तिथं तेवढी त्यांची भक्ती!

अशात एक दिवस फोन आला. गुरुवारी इंदूरचे तिवारी साहेब येणार. उन्हेल, नागदा, दिवसभराचा दौरा. दिलीप ताटावरून उठला. अंगणात येऊन माझ्यासमोर उभा राहून तो शैलाला, म्हणजे त्याच्या बायकोला म्हणाला, "मी शेजारच्या गोपाळकाकांची स्कूटर मागून घेतो. ही फालतू गाडी आता शोरूमवाल्यांच्या दारात नेऊन उभी करतो. साहेब मागे बसलेत आणि ही बंद पडली, तर नोकरी गेलीच समज."

फालतू! मित्रांनो, हा शब्द मला फार लागला. आणि गोपाळकाकांची स्कूटर म्हणजे कोण, तर तिला सुरू करायला आधी एका बाजूला आडवी करावी लागायची. तिला तिवारी साहेबांचा मान मिळणार आणि मी इथे उभी? पण दिलीपचा राग मला कळत होता. चूक माझी नव्हती, तरी पोटावर पाय त्याच्या येणार होता.

शैला शांत स्वभावाची. बालमंदिरात मुलांना शिकवायची, त्यामुळे एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा बघायचा तिला कंटाळा नव्हता. ती म्हणाली, "स्कूटर संध्याकाळी मागा. आज मला हिच्यावरून चिंतामणच्या रस्त्यानं लांबवर घेऊन चला. कुठे, कशी बंद पडते ते मला बघायचंय." ते दोघं निघाले. व्हायचं तेच झालं, बरंच पुढे गेल्यावर मी आचके देऊन थांबले. दिलीपनं चिडून झाकण उघडलं, तर फुस्स करून हवा आत गेली. लगेच किक मारली, मी सुरू! शैलाचे डोळे बारीक झाले.

"अहो, ऐकलंत? पुन्हा चालवा. पुन्हा बंद पडली की झाकण न उघडता किक मारा."

पुन्हा बंद पडले तेव्हा झाकण लावलेलं होतं, मी हूं का चूं केलं नाही. झाकण उघडलं, फुस्स, आणि मी सुरू. शैलानं झाकण हातात घेऊन उलटसुलट फिरवलं. वरून शेंदराचा जाडजूड थर, आणि त्याच्याखाली दडलेलं माझं बिचारं नाक. तिला सगळं कळलं. पण शेंदूर अक्काचा, आणि तोही गणपतीचा. दोघंही झाकण न पुसता घरी आली.

अंगणात अक्का वाटी घेऊन तयारच होती. बुधवार होता ना!

"थांबा अक्का," शैला म्हणाली. सुनेनं असा हात अडवलेला मी त्या घरात पहिल्यांदाच पाहिला. दिलीप तर अंगणातून सटकायच्याच बेतात होता.

"का गं? उद्या एवढा मोठा दिवस, आणि टिळा नको?"

"अक्का, मी लग्न होऊन आले तेव्हा तेलाचा डबा फोडायला तुम्हीच मला शिकवलं होतं. एकच भोक पाडलं तर तेल काय करतं?"

"अटकतं. गुडगुड करतं आणि अटकतं. दुसरं भोक हवेला पाहिजे, एवढंही..." अक्का बोलता बोलता थांबली. तिनं झाकणाकडे बघितलं, वाटीकडे बघितलं, मग दिलीपच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे बघितलं.

"अगं बाई गं! मी हिचं नाकच बंद केलं होय?"

मला वाटलं, आता अक्का रागावेल, नाहीतर शकुन-अपशकुनाचं काहीतरी काढेल. अक्कानं वाटी खाली ठेवली, हात जोडून डोळे मिटले, आणि आपल्या पदरानं तो शेंदूर खसाखसा पुसून काढला. मग बांगडीतली पिन काढून ते छिद्र मोकळं केलं. माझ्या अंगात हवा शिरली तेव्हा मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू!

"देवाचं यात काही नाही रे," अक्का दिलीपला म्हणाली. "हात माझा होता. तू इतके दिवस उन्हात गाडी ढकलत होतास, आणि मी रोज विचारत होते, बेटा, शेंदूर आहे ना नीट?"

"जाऊ दे अक्का. पण उद्या मी स्कूटरच नेतो. रिस्क नको."

"खबरदार दुसऱ्याच्या गाडीला हात लावलास तर! हिलाच घेऊन जायचं. इतके दिवस हिनं बोलणी खाल्ली, ती माझ्यापायी. आता हिला दाखवू दे."

आणि मी दाखवलं! तिवारी साहेब चांगले भरभक्कम होते, बसल्याबरोबर माझ्या मागच्या चाकावरच्या स्प्रिंगा दबल्या. पण उन्हेलच्या त्या अर्ध्या वाटेवर, जिथे मी पहिल्यांदा बंद पडले होते, दिलीपचा हात हँडलवर घट्ट झाला तेव्हा मी असा काही आवाज काढला की शेतातली माणसं वळून बघायला लागली. उन्हेल झालं, नागदा झालं, सगळे डॉक्टर वेळेवर भेटले, आणि संध्याकाळी मी दोघांना घेऊन फ्रीगंजात शिरले. वाटेत एकदाही खोकले नाही. तो दिवस माझ्या आयुष्यातला सगळ्यात अभिमानाचा दिवस.

साहेब चहाला घरी आले. दार उघडं होतं, मी बाहेरून सगळं ऐकत होते.

"पागे जी, अगले महीने से आप पक्के," ते म्हणाले. "और गाड़ी तो आपकी बढ़िया है. मेरी वाली तो सर्विस सेंटर ने बरबाद कर दी. आप कहाँ करवाते हो?"

दिलीप जरासा हसला. "घर पे, सर. माँ करती हैं."

साहेबांनी आश्चर्यानं मागे बघितलं. अक्का पोह्यांच्या बशा घेऊन येत होती. ती ताठ मानेनं म्हणाली, "और बिगाड़ी भी मैंने ही थी, साहब. वो भी लिख लो."

साहेब इतके हसले की चहा बशीत सांडला. शैला हसली, दिलीप हसला, आणि शेवटी अक्काही हसता हसता डोळे टिपायला लागली.

त्यानंतर मी कितीतरी वर्षं दिलीपला घेऊन माळवा फिरले. आता तो रिटायर झालाय, घरात मोटार आहे, आणि माझ्यावर बहुतेक दिवस ताडपत्री असते. कधी कधी वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? अक्का तर गेली. पण ती होती तोवर गल्लीत कुणाचीही नवी गाडी आली की पूजेचं ताट घेऊन तिलाच बोलवायचे, आणि ती टिळा लावण्याआधी मालकाला दटावून विचारायची, "हिचं नाक कुठंय ते पहिले दाखव."

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी नवी वस्तू आली आणि रुसली, तर तिला लगेच फालतू म्हणू नका. जरा तिच्याजवळ बसा, ती काय सांगतेय ते ऐका. आणि आपल्या लाडामुळेच ती गुदमरते आहे असं दिसलं, तर लाजू नका. आमच्या अक्कासारखा पदर हातात घ्या आणि तो लाडाचा थर आपल्याच हातानं पुसून टाका.